माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर एके काळी हमखास दिसणारा माळढोक आता तेथे दृष्टीस पडणे दुर्मीळ झाले आहे. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तेही सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे! गावेच्या गावे त्यात आली; जमिनीचे व्यवहार अडले. शेतकऱ्यांची तक्रार रास्तच होती. पुढे हा विस्तार सुमारे बाराशेंवर आणला गेला. पक्षी मात्र वाढला नाही.

असे का, हे आम्ही या पक्ष्याच्या अभ्यासकांस विचारले. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी वजनदार, त्यातून डोळे डोक्याच्या दोन बाजूंस. समोरची विजेची तार ध्यानात येईपर्यंत वळण्यास अवसर उरत नाही. हे थोडेफार ऐकून होतो. आम्हांस अस्वस्थ केले ते पुढील उत्तराने. माळावर दाट झाडी उभी करणे हेही माळढोकास मारकच! त्यास दूरवर मोकळे गवत हवे. धाविक पक्ष्याची आणि काळविटाची गरजही तीच.

परंतु गवताळ माळाची गणना सरकारी दप्तरात बहुधा ‘पडीक’ जमिनीत होते. मग तेथे उत्साहाने रोपे लावणाऱ्या शाळकरी मुलांस दोष कोणी द्यावा? येत्या पावसाळ्यात वृक्षारोपणाचे खड्डे खणण्यापूर्वी तो माळ मुळात गवताचा आहे काय, एवढे अधिकाऱ्यांनी पाहावे. आणि शासनाने अशा माळांची ‘गवताळ प्रदेश’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी, अशी आमची मागणी आहे.