सतरा मे आणि सव्वीस जानेवारी

बहुतेक राष्ट्रे स्वातंत्र्यदिन पाळतात हे खरेच. परंतु परकीय अंमल संपला ती तिथीच राष्ट्राच्या जीवनातील सर्वश्रेष्ठ तिथी होय, असा जो निष्कर्ष आपण भारतीय त्यावरून सहजगत्या काढतो, तो मला मान्य नाही. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद ५१ होते, आज ते १९३ आहेत. ही भर मुख्यतः साम्राज्यांच्या विसर्जनातून पडली, आणि म्हणून स्वातंत्र्यदिनांचे आधिक्य साम्राज्यांच्या विस्ताराचीच साक्ष देते. ब्रिटनला असा दिवस नाही. फ्रान्सचा १४ जुलै स्वकीय राजसत्तेविरुद्धच्या उठावाचा आहे.

आपण राहतो त्या नॉर्वेचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १८१४ च्या जानेवारीत कीलच्या तहान्वये डेन्मार्कच्या राजाने हा मुलूख, येथील रयतेला न विचारता, स्वीडनच्या राजाच्या सुपूर्द केला, तेव्हा आइड्सव्होल येथे जमलेल्या ११२ प्रतिनिधींनी काही आठवड्यांत राज्यघटना सिद्ध करून १७ मे रोजी तिच्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याच वर्षी स्वीडनशी संयोग पत्करावा लागला, व तो सुटला ७ जून १९०५ रोजी. ती घटना निर्दोष नव्हती; ज्यू लोकांना देशात प्रवेश नाकारणारे तिच्यातील लांच्छनास्पद कलम १८५१ पर्यंत टिकले. तरीही हे राष्ट्र उत्सव करते तो १७ मे रोजी, आणि त्या दिवशी ओस्लोच्या कार्ल योहान मार्गावरून तोफा व रणगाडे जात नाहीत, तर आपापल्या शाळेच्या निशाणामागून वाद्यांच्या तालावर मुले राजवाड्याकडे जातात, आणि राजा सज्जात उभा राहून त्यांचे अभिवादन स्वीकारतो.

आपल्याकडेही १९३० पासून स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जात होता तो २६ जानेवारी. पूर्ण स्वराज्याच्या त्या प्रतिज्ञेचा मान राहावा म्हणूनच, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेली राज्यघटना दोन महिने थांबून त्या तारखेस पूर्णपणे अमलात आणली गेली. परसत्ता जाणे ही एक प्राप्ती, परंतु डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीने सिद्ध केलेल्या मसुद्यावर कलमागून कलम वाद घालून आपण आपल्याला जी सनद दिली, ती मला अधिक मोलाची वाटते. असे असता आपल्या मंडळात १५ ऑगस्टला सभागृह भरते आणि २६ जानेवारीची बोळवण थंडीच्या सबबीवर ध्वजवंदनाने होते, हे मला खटकते. कार्यकारिणीने येत्या जानेवारीत सभागृह राखून ठेवावे, मुलांकडून संविधानाची उद्देशिका मराठीतून वाचवून घ्यावी, आणि नॉर्वेजियन शेजाऱ्यांनाही अगत्याने बोलवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.