रेडचे बाबा कुठे आहेत?

परवा नातवाने जेवताना विचारले, "आजोबा, रेडचे बाबा कुठे असतील हो?"

रेड म्हणजे 'पोकेमॉन' या जपानी खेळातला मुलगा. अजब प्राणी पकडत गावोगाव हिंडतो. १९९६ साली आलेल्या पहिल्या खेळात त्याच्या घरी फक्त आई आहे. वडिलांचा पत्ता नाही. खेळाचे चाहते अशा गोष्टींवर तर्क लढवतात, त्याला म्हणे 'फॅन थिअरी' म्हणतात. आधी वाटले, रिकामटेकडा उद्योग! पण मंडळी, मग दोन संध्याकाळी मीही त्यातच रमलो.

एक तर्क असा की तिथे नुकतेच युद्ध होऊन गेले असावे. लेफ्टनंट सर्ज नावाचे पात्र सांगते, विजेच्या पोकेमॉनने युद्धात माझा जीव वाचवला. म्हणजे बापांची पिढी लढाईत गेली, असा निष्कर्ष. दुसरा प्रश्न, ही माणसे पोकेमॉन खातात का? १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये स्लोपोक या मंद प्राण्याच्या शेपट्या कापून खाण्यासाठी विकणारी टोळी आहे. तिसरा तर्क कार्टूनचा. त्यातला अ‍ॅश पहिल्याच भागात बेशुद्ध पडला आणि पुढचे सगळे त्याचे स्वप्न!

मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून मार्क देतो. स्वप्नाला शून्य. सगळेच स्वप्न म्हटले की काही समजून घ्यायची गरजच उरत नाही. शेपटीला चांगले मार्क, कारण आधार खेळातच आहे. युद्धाला निम्मे. सर्जचे वाक्य खरे, पण खेळात बापाच्या वयाचे पुरुष जागोजाग भेटतात, त्यांचे काय?

हे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "तेच तर! सर्जच्याच गावात बंदर आहे, तिथे 'एस. एस. अ‍ॅन' बोट लागते, ती खलाशांनी भरलेली असते. रेडचे बाबा बोटीवर असतील. सुटी मिळाली की येतील."

मी गप्प झालो. आमचे चिरंजीव व्यापारी जहाजावर आहेत. घर सोडून सात महिने झाले.

वर्गात अशा प्रश्नांना माझे ठरलेले उत्तर असे, "धड्यात नाही ते विचारू नकोस." आता वाटते, चूक झाली. लेखक जिथे जागा मोकळी सोडतो, तिथे मूल आपले घर मांडते. त्या जागेतून त्याला हाकलून आपण काय मिळवले? किती मुलांच्या मनातले कळायचे राहून गेले असेल...

नातवाच्या तर्काला पुरावा तोकडा आहे, हे मान्य. पण मी मार्क कापले नाहीत.

असो. तुमच्या घरची पोरे काय विचारतात? एकदा नीट ऐकून बघा.