गटात गप्प बसणारी

मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटाची मागची बैठक आठवून पाहा. अध्यक्षाबाई बोलल्या, सचिवबाईंनी लिहिलं, बाकीच्या आठजणींनी माना डोलावून सह्या केल्या. चहा झाला, बैठक संपली. गट नांदेडकडचा असो की लातूरकडचा, चित्र बहुधा हेच. मग हप्ता थकला की त्याच आठजणी म्हणतात, “आम्हाला कुणी विचारलं होतं?”

हे ‘विचारणं’ किती मोलाचं, ते अभ्यासकांनी गृहिणींकडूनच शिकून घेतलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई होती. घरोघरी बायकांनी जनावराचं हृदय, गुर्दे शिजवावेत असं सरकारला वाटे. बायका नाक मुरडत. आयोवा विद्यापीठातल्या कुर्ट लेविन यांनी बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना व्याख्यान दिलं, पाककृतींचे कागद वाटले. उरलेल्या तिघांत त्यांचे तरुण सहकारी अ‍ॅलेक्स बावेलास यांनी बायकांनाच बोलतं केलं. अडचणी बाहेर आल्या: नवऱ्याला आवडत नाही, शिजताना वास येतो. मग तज्ज्ञांनी त्याच पाककृती सांगितल्या, आणि शेवटी करून पाहणाऱ्यांनी हात वर केले. नंतर चौकशी केली, तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनी नवं काही रांधलं होतं. चर्चा केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी!

बावेलास यांनी पुढे गटात कोण कुणाशी बोलतो, याचाच अभ्यास मांडला. त्याच वाटेने हॅरोल्ड लेविट यांनी १९५१ साली पाच-पाच जणांचे गट बसवले. एका गटात सगळ्या चिठ्ठ्या मधल्या माणसाकडेच जायच्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. दुसऱ्यात गोलात शेजाऱ्याकडे. चाकाचं काम झटपट आणि कमी चुकांचं झालं, पण कडेची माणसं कंटाळली. गोलातल्यांना वेळ लागला, चुकाही जास्त झाल्या. तरी समाधान त्यांचंच अधिक होतं. आपल्याकडे अध्यक्षाबाई म्हणजे चाकाचा आस. दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर वेळेवर द्यायची असेल तेव्हा तो हवाच. पण गट वर्षानुवर्षं टिकवायचा, तर गोल हवा.

हे शहाणपण आपल्या मातीतही उगवलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण सुरू झालं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारी योजना घरोघर समजावायची, आणि घरातली अडचण अधिकाऱ्यांपर्यंत न्यायची, हे त्यांचं काम. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बहिणींना अनुभव सांगायला गेल्या. गाव करील ते राव काय करील, म्हणतात ते असं.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. खुर्च्या-टेबल बाजूला सारून सतरंजीवर गोल बसा. अध्यक्षाबाईंनी मत शेवटी सांगावं; त्या आधी बोलल्या की बाकीच्यांचं बोलणं तिथंच संपतं. सुरुवात सगळ्यांत गप्प बाईपासून, नव्या सुनेपासून करा. “काही अडचण आहे का?” असं विचारलं तर “नाही” हेच उत्तर येतं. “या महिन्यात हप्ता भरायला काय जड जाईल?” असं विचारा. पासबुक मोठ्याने वाचा. बँकेत जायची पाळी सगळ्यांवर फिरू द्या. ठराव झाला की कोण काय करणार, ते जिचं तिने तोंडाने सांगावं.

वेळ लागेल, हे खरं. घरी स्वयंपाक खोळंबतो, हेही खरं. पण विचार करा: पावसाने सोयाबीन गेलं, अमकीचा हप्ता यंदा थकणार, हे शेजारणीला महिनाभर आधीच ठाऊक असतं. तेव्हाच ते बैठकीत निघालं, तर हप्ता पुढे ढकलता येतो, दोघी-तिघी मिळून भार उचलता येतो. निघालं नाही, तर नाव सगळ्या गटाचं खराब होतं, आणि पुढचं कर्ज जिला मुलीच्या फीसाठी हवं असतं, तिचंच अडतं. गप्प बसणारीकडे पुष्कळदा हीच माहिती असते. तिला विचारायला दोन मिनिटं लागतात.