वॉर्सा बघायला जाताय? मग अर्धंच बघून येऊ नका

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.)

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली आणि तेव्हापासून आमच्या भागात या शहराचं नाव एकदम घरोघरी झालं. चांगलंच झालं. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते ४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, हे निदान नव्या पोरांना कळलं. पण त्यासोबत एक मेसेजही फिरायला लागलाय, की हिटलरनं वॉर्सा जमीनदोस्त केलं, लोकांनी जिद्दीनं ते होतं तसं उभं केलं, आणि आपल्याला अशी जिद्द का नाही? खाली जुन्या चौकाचा रंगीबेरंगी फोटो. सहलवाले हेच विकतात, तिथं जाऊन आलेलेही हेच सांगतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ही गोष्ट अर्धी आहे, आणि जी अर्धी गाळलीय तीच महत्त्वाची आहे.

भाचा तिकडं नोकरीला आहे म्हणून मी मागल्या वर्षी चार दिवस वॉर्सात होतो. जुना चौक बघितला. डोळ्यांचं पारणं फिटतं, त्यात वाद नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये शहरानं जर्मनांविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढलं. व्हिस्तुला नदीपलीकडं सोव्हिएत फौज येऊन थांबली ती थांबलीच. दीड लाखावर सामान्य माणसं मेली. उरलेल्यांना शहराबाहेर हाकललं आणि मग जर्मन पथकांनी घरं, ग्रंथालयं, राजवाडे एकेक करून जाळले, सुरुंगानं उडवले. सगळं मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास शहर गेलं. जुना चौक पुन्हा बांधून २२ जुलै १९५३ ला खुला झाला. युनेस्कोनं १९८० मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं, तेही तो नव्यानं बांधलेला आहे हे पक्कं माहीत असताना, किंबहुना त्यासाठीच. तेव्हा ‘ते सगळं डुप्लिकेट आहे हो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही माझा नमस्कार. मेसेजवाल्यांइतकेच तेही चुकतात.

जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीनं कमानीची उंची कळत नाही. युद्धाआधी आणि युद्ध चालू असतानासुद्धा पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विभागातल्या लोकांनी वाड्यांची मापं घेतली, नकाशे काढले. उठावानंतर हे कागद शहराबाहेर काढून प्योत्रकूव्हच्या मठात लपवले. बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकारानं अठराव्या शतकात राजासाठी शहराची बारीक चित्रं काढली होती, तीही कामी आली. राजवाड्यावर १९३९ मध्ये बॉम्ब पडले, तेव्हा संग्रहालयाच्या माणसांनी जीव धोक्यात घालून कोरीव दगड, चित्रं, दरवाजे बाहेर काढून ठेवले. १९७१ नंतर लोकवर्गणीतून राजवाडा उभारला, तेव्हा हे तुकडे नव्या भिंतींत बसवले. जिद्द म्हणून टाळ्या वाजवताना या कारकुनी कामाचं नाव कुणी घेत नाही. टेप धरून भिंत मोजणाऱ्याचा फोटो व्हायरल होत नाही ना!

आणि जागा कुठून आली? ऑक्टोबर १९४५ मध्ये एका हुकमानं शहरातली सगळी जमीन सरकारजमा झाली. त्याशिवाय सलग चौक बांधणं अवघडच होतं. पण मूळ मालकांच्या वारसांचे दावे, त्यातून भाडेकरूंना घराबाहेर काढणं, दाव्यांचा बाजार मांडणारे दलाल, हे सगळं पुढं कित्येक दशकं चिघळलं. विटा कुठून आल्या? काही ढिगाऱ्यातून, आणि पुष्कळशा व्रोत्स्वावसारख्या शहरांतून, जी १९४५ पर्यंत जर्मन होती. तिथल्या जुन्या इमारती विटांसाठी उतरवल्या गेल्या. ‘सारं राष्ट्र आपली राजधानी बांधतंय’ ही तेव्हाची घोषणा. आपली आयटीतली पोरं आज व्रोत्स्वावमध्ये राहतात, त्यांनी तिथल्या जुन्या माणसांना जरूर विचारावं.

‘होतं तसं’ हेही खरं नाही. दर्शनी भाग जुना, आत नवी घरं. मागल्या बाजूची दाटीवाटीची बांधकामं वगळली, चौक मोकळे केले. एकोणिसाव्या शतकातलं नकोसं वाटलं ते गाळून त्याआधीचं रूप निवडलं. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं, की कुठला भूतकाळ परत आणायचा.

आता मुरानूव्हकडं या. जुन्या चौकातून चालत वीसेक मिनिटं. युद्धाआधी वॉर्सात दर दहा माणसांत तीन ज्यू होते, साडेतीन लाखांवर. हा त्यांचा भाग. १९४० मध्ये जर्मनांनी भिंत घालून तो कोंडला, १९४२ मध्ये आगगाड्या भरभरून माणसं त्रेब्लिंकाला मारायला नेली, १९४३ च्या उठावानंतर उरलेला भाग घराघराला आग लावून संपवला. हा भाग पुन्हा ‘होता तसा’ बांधला का? नाही. ढिगारा इतका होता की उचलणं शक्य नव्हतं. त्याच्याच विटा कुटून काँक्रीटचे ठोकळे केले, त्याच ढिगाऱ्याच्या उंचवट्यावर कामगारांसाठी नवी वसाहत उभी केली. आजही तिथं रस्त्यावरून पायऱ्या चढून इमारतींकडं जावं लागतं. ती चढण म्हणजे खालची घरं. मोठं सिनेगॉग जर्मनांनी १६ मे १९४३ ला उडवलं. त्या जागेवर आज काचेचा निळा टॉवर आहे.

मी पोलंडवाल्यांना दोष देत बसलेलो नाही. ज्यांच्यासाठी ते मोहल्ले परत बांधायचे, ती माणसंच उरली नव्हती, आणि हातात पैसा किती होता हेही आपण समजू शकतो. आज तिथं पोलिन नावाचं ज्यू इतिहासाचं मोठं संग्रहालय आहे, घेटोची भिंत कुठून गेली होती त्या लोखंडी पट्ट्या फुटपाथवर बसवल्यात. त्यांनी लपवलेलं नाही. लपवतोय तो आपला मेसेज. साडेतीन लाख माणसं वगळून ‘शहर होतं तसं उभं राहिलं’ असं म्हणायला जीभ कशी रेटते?

वळिवड्याचंही तेच. आपण छाती फुगवून सांगतो की आपण त्यांना सांभाळलं आणि ते सुखरूप मायदेशी गेले. ते लोक बहुतेक वॉर्साचे नव्हतेच. पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी १९४० च्या सुमारास त्यांना सायबेरियाकडं हाकललं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते आपल्याकडं आले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेलेली. परतायला घरच नव्हतं. त्यामुळं त्यातले कितीतरी इंग्लंडला आणि कुठं कुठं पांगले. वॉर्साचा चौक बांधला जात होता, तेव्हा त्यांची गावं नकाशावरच दुसऱ्याची झाली होती.

सध्या तिथं साक्सन पॅलेस पुन्हा बांधायचं चाललंय. २०२१ मध्ये त्याचा कायदाही झाला. आज त्याच्या तीन कमानीच शिल्लक आहेत, त्यांच्याखाली अज्ञात सैनिकाची समाधी. एवढ्या मोडक्या कमानी ठेवाव्यात, त्या बोलतात, असं म्हणणारे पोलिश लोक आहेत, आणि राजवाडा परत आलाच पाहिजे म्हणणारेही. म्हणजे तिथले लोक अजून भांडतायत. आपण मात्र फोटोखाली हात जोडलेली इमोजी टाकून मोकळे.

जाणाऱ्यांनी जरूर जावं. फक्त सहलवाला ‘सिटी टूर अर्धा दिवस’ म्हणाला, तर त्यात मुरानूव्ह आहे का ते आधी विचारा. नसेल तर दुपारच्या खरेदीचे दोन तास कापून स्वतः चालत जा.