साक्ष दिली, आता राखण करा!

घरची ज्वारी शेजाऱ्याला बियाण्यासाठी विकणे हा गुन्हा ठरला असता तर? ही आमची कल्पना नव्हे. २००४ साली राज्यसभेत मांडलेल्या बियाणे विधेयकाच्या कलम ४३ मध्ये शेतकऱ्याला घरचे बियाणे विकण्याची मुभा होती. पण उगवण आणि शुद्धता सरकारी मर्यादेत बसली तरच! कंपनीच्या पोत्याला लावायची अट आमच्या कणगीला लावली होती.

शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने साक्षी ऐकल्या आणि २००६ च्या अहवालात ही अट काढण्याची शिफारस केली. सरकारच्या पुढच्या दुरुस्त्यांत ती मान्यही झाली. मात्र ते विधेयक कायदा झालेच नाही. म्हणजे नवा मसुदा आला की तीच लढाई पुन्हा पहिल्यापासून.

त्याआधीचा अनुभवही हेच सांगतो. वाण संरक्षणाचे १९९९ चे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, साक्षी झाल्या आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण त्यात आले. २००१ च्या त्या कायद्याच्या कलम ३९ ने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क दिला. ब्रँड लावून मात्र विकता येत नाही.

आमची खोड अशी, की निवेदन दिले, फोटो काढला, घरी आलो. विधेयक तोवर चार घरे फिरते: मांडलेला मसुदा, समितीचा अहवाल, सरकारी दुरुस्त्या, मंजूर कायदा. त्यानंतर नियम येतात आणि खरी मेख पुष्कळदा तिथेच असते. वाटेत कलमांचे आकडे बदलतात. ‘कलम ४३ ला विरोध’ एवढेच लिहिलेले निवेदन मग कशाला विरोध करते, हे कोणालाच कळत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्याने एक वही घालावी. कोणत्या तारखेच्या मसुद्यावर, कोणत्या कलमावर, कोणत्या शब्दांवर आपण काय बोललो ते लिहावे. पोच चिकटवावी. नवा मसुदा आला की दोन्ही शेजारी ठेवून वाचावे आणि आपले म्हणणे घेतले, अर्धे घेतले की टाकले, ते पुढच्या बैठकीत सर्वांना सांगावे. टाकले असेल तर आमदार-खासदाराला वही दाखवून जाब विचारावा.

ज्वारी पेरली म्हणजे कणीस घरात आले असे होत नाही. माळ्यावर गोफण घेऊन उभे राहावे लागते. कायद्याचेही तसेच आहे.