विमानाचा वेळ आणि प्रवासाचा वेळ

कोलकाता ते मुंबई हे अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीगोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग मोजला, तर तो सुमारे १६६० किलोमीटर भरतो. नागपूरमार्गे जाणारा हावडा–मुंबई लोहमार्ग मात्र सुमारे १९७० किलोमीटरांचा आहे. कोलकात्याच्या मध्यवस्तीतील एस्प्लनेडहून निघालेला प्रवासी मात्र हे अंतर तासांतच मोजतो.

हे तास कसे ठरतात? प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ८५० किमी धरला, तर उत्तर दोन तासांहून थोडे कमी येते. वेळापत्रकात पावणेतीन तासांच्या आसपासचा आकडा दिसतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतचा प्रवास, आरोहण, अवतरण आणि उतरण्यासाठीची प्रतीक्षाही असते. शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उत्तर भारतावरून जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि त्याच्या दक्षिणेकडील पश्चिमी वारे या मार्गावरही जाणवतात. वाऱ्याचा वेग ताशी १०० किमी मानला, तर मुंबईकडे येताना २ तास १३ मिनिटे लागतात आणि कोलकात्याकडे जाताना १ तास ४५ मिनिटे. अंतर तेच, पण फरक जवळजवळ अर्ध्या तासाचा.

हा हवेतला वेळ यापुढे फारसा घटणार नाही. १९५८ मध्ये प्रवासी सेवेत आलेले बोइंग ७०७ साधारण आजच्याच वेगाने उडत असे. ध्वनीच्या वेगाजवळ जाताच हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्चही. ध्वनीहून वेगवान काँकॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झाले.

मग वेळ वाचवायचा कोठे? त्याचे उत्तर एस्प्लनेडच्या जमिनीखाली आहे. भारतातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथूनच भवानीपूरपर्यंत धावली. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून हावडा एस्प्लनेडशी जोडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये नोआपाडा ते विमानतळ हा मार्ग सुरू झाला. त्यामुळे एस्प्लनेडहून नोआपाड्याला गाडी बदलून विमानतळ गाठता येतो. मुंबईतही २०२५ च्या ऑक्टोबरपासून विमानतळ ते चर्चगेट हा प्रवास भुयारी मेट्रोने होतो. दोन महानगरांमधले अंतर खऱ्या अर्थाने कमी केले ते या बोगद्यांनी.

मेट्रोवरचा खर्च मूठभर विमानप्रवाशांसाठी कशाला, असा आक्षेप घेता येईल. पण वेगवान विमानाचा लाभ केवळ उडणाऱ्यांना मिळतो, तर मेट्रोचा लाभ कधीही विमानात न बसलेल्या विद्यार्थ्यालाही रोज मिळतो. म्हणूनच नव्या विमानतळाचे मूल्यमापन धावपट्टीच्या लांबीवर आणि प्रवासीक्षमतेवर थांबू नये. शहराच्या मध्यापासून तेथे पोहोचायला सार्वजनिक वाहनाने किती वेळ लागतो, हा आकडा प्रकल्प आराखड्याच्या पहिल्याच पानावर असला पाहिजे.

तिकिटावर छापलेला वेळ हा विमानाचा असतो. प्रवाशाचा वेळ त्याच्या घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो.