लोकप्रियतेचा विटाळ

भोपाळमध्ये मराठी चित्रपट क्वचित लागतो, आणि लागला तरी आडवेळेच्या एखाद्या खेळापुरता, ही तक्रार आपल्या मंडळींत वर्षानुवर्षे चालत आली आहे. तक्रार खोटी नाही. परंतु ती करणाऱ्यांपैकी अनेकांचे दुसरे एक मत तिच्याशेजारी ठेवले, की तिचा पाया डळमळतो. ते मत असे की, गर्दी खेचणारा चित्रपट हा साहित्यप्रेमी माणसाने गांभीर्याने घेण्याचा विषयच नव्हे. ज्याला आपण उंबरठ्याच्या आत घेणार नाही, तो दारी आला नाही म्हणून गळा काढण्यात काय अर्थ आहे?

लोकप्रियता हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हे मान्य. पण ती अवगुणाचा पुरावाही नव्हे. दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. पोथी वाचता न येणारी माणसे तो पाहायला लोटली. त्याच चित्रपटाचा गौरव १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात झाला. गर्दीचा चित्रपट वेगळा आणि अभिरुचीचा वेगळा, ही भिंत त्या प्रेक्षकांनी बांधलेली नाही. ती नंतर आपण बांधली.

भोपाळकरांना तर याचा दाखला घरातच सापडेल. या शहराच्या बोलीची देशभर ओळख झाली ती कोणत्या प्रबंधामुळे? ती झाली ‘शोले’तल्या (१९७५) सूरमा भोपालीमुळे, जगदीप यांच्या चार घटकांच्या भूमिकेमुळे. ते विडंबन होते, हा आक्षेप रास्त आहे. बोलीला पडद्यावर पुष्कळदा हशापुरतीच जागा मिळते. म्हणूनच नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे (२०१६) मोल मोठे आहे. तेथे करमाळ्याकडची बोली विनोदासाठी ठेवलेली नाही. नायक-नायिका तीत प्रेम करतात, भांडतात, संसार मांडतात. जातीच्या अहंकाराने घेतलेले बळी दाखवणारा हा चित्रपट शंभर कोटींच्या घरात जाणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. ‘लोकांना फक्त करमणूक हवी असते’ म्हणणाऱ्यांनी या आकड्याचा अर्थ लावून दाखवावा. त्याचाच हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८) उदयपुरात गेला आणि त्यात जातीचा प्रश्न पुसट झाला. आपल्या घरातील ज्या मुलांनी केवळ तोच पाहिला, त्यांना मूळ धगीची कल्पना कशी यावी?

खरा प्रश्न या मुलांचाच आहे. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून मराठी कुटुंबे सरकारी नोकरीसाठी येथे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी आणली. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी वाढते आहे. लिपी तिला येते, कारण हिंदीची लिपी तीच. तरी मराठी पुस्तक ती सहसा उघडत नाही. तिच्या मराठीत हिंदीची वळणे आहेत, आणि ती बोलू लागली की आपण आधी व्याकरण दुरुस्त करतो. मग ती गप्प बसते. मराठी ही आजीची आणि समारंभांची भाषा नसून तिच्या वयाची मुले तीत बेभान होतात, चुकतात, बंड करतात, हे तिला कोण दाखवणार? आपली व्याख्यानमाला नक्कीच नाही.

‘आता सगळे घरबसल्या दिसते,’ असे यावर सांगितले जाते. दिसते, पण एकेकट्याला. परक्या प्रांतात दोनशे माणसे एकाच मराठी वाक्याला एकदम हसतात, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला कळते की ही भाषा आपल्या घरापुरती नाही. हे काम भ्रमणध्वनीच्या पडद्याचे नव्हे.

आणि दोष केवळ वितरकांच्या माथी मारणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. खुद्द महाराष्ट्रात, २०१५ साली शासनाला बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ मिळावी म्हणून आग्रह धरावा लागला. मध्यप्रदेशात असा आग्रह आपल्यासाठी कोणी धरणार नाही. येथे तिकीटबारी हेच आपले निवेदन.

तेव्हा ठराव आणि शिष्टमंडळे पुरे झाली. साहित्यसंस्थांनी तीन महिन्यांतून एका रविवारी एका खेळाची तिकिटे एकत्र घ्यावीत. नंतर चर्चा ठेवावी आणि तीत पहिले बोलणे तरुणांचे असावे. चुकीच्या मराठीत असले तरी ते मध्येच तोडू नये. पुस्तकांच्या परीक्षणाशेजारी चित्रपटांचेही परीक्षण छापावे, कठोर छापावे. जे आवडले नाही त्यावर तुटून पडण्याचा अधिकार रसिकाला आहेच. मात्र त्यासाठी आधी तिकीट काढून आत बसावे लागते.